आतड्याची खुंटी

श्वासपटल म्हटले की आपल्याला श्वासोच्छ्वास आठवतो. पण छाती व पोट यांच्यामधल्या या घुमटाकार स्नायूच्या मागच्या बाजूकडून एक लहानसा पट्टा पोटात उतरतो, आणि त्याचा संबंध असतो आतड्याशी. जठराच्या पुढची सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची ग्रहणी पोटाच्या मागच्या भिंतीला चिकटलेली असते. ती संपून मोकळे, हलते आतडे जेथे सुरू होते, त्या वळणाला हा पट्टा वर धरून ठेवतो. बोहेमियातील वैद्य ट्राइट्झ यांनी १८५३ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यांनी त्याला स्नायू म्हटले होते. आज सारे जण ‘ट्राइट्झचा बंध’ म्हणतात. त्यात स्नायू व तंतू दोन्ही असतात, तेव्हा भांडण नको!

अन्नमार्गात रक्तस्राव झाला, की डॉक्टर या बंधाला शिवेचा दगड मानतात. त्याच्या वरच्या भागातले रक्त उलटीतून पडते, किंवा खाली जाता जाता बदलून शौच डांबरासारखे काळे होते. मोठ्या आतड्यातले रक्त बहुधा लालच दिसते. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, हे ध्यानात ठेवा.)

पण या जागेचे खरे महत्त्व कळते ते नवजात बाळात. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास वाढते आतडे पोटात मावेनासे होते. ते नाळेत शिरते व दहाव्या आठवड्याच्या सुमारास परतते. या प्रवासात ते एकूण २७० अंशांतून वळते. त्यामुळे ग्रहणीचे टोक मणक्याच्या डावीकडे वर येते आणि लहान आतड्याचा शेवट उजवीकडे खाली जातो. मधले आतडे झोळीसारखे टांगलेले राहते. दूरदूरच्या दोन कड्यांना बांधलेली झोळी गरगर फिरत नाही. एका खुंटीवरचे शिंके मात्र फिरते. वळण अपुरे राहिले तर दोन्ही टोके जवळ येतात आणि आतड्याचे शिंके होते. त्याला पीळ पडला की रक्तवाहिन्याही पिळल्या जातात.

अशा बाळाला हिरवी उलटी होते. हिरवा रंग पित्ताचा. म्हणजे अडथळा पित्तनलिकेच्या तोंडाच्या पुढे आहे. सुरुवातीला पोट फुगलेले नसते, म्हणून घरची माणसे ‘दूध बाधले असेल’ असे म्हणून वाट पाहतात. तशी वाट पाहू नये, कारण काही तासांत आतडे मरू शकते. क्ष-किरणांत दिसणारे औषध पोटात सोडले, की ग्रहणीचे टोक मणका ओलांडून डावीकडे चढले आहे की नाही ते समजते.

बॉस्टनचे शल्यविशारद विल्यम लॅड यांनी १९३६ मध्ये वर्णिलेली शस्त्रक्रिया आजही करतात. पीळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सोडवतात. पण आतडे त्याच्या नेहमीच्या जागी बसवीत नाहीत. लहान आतडे उजवीकडे, मोठे डावीकडे ठेवून त्यांच्या मुळाशी असलेला पडदा रुंद करतात. खुंटी न लावताच झोळी स्थिर होते.