गावी जाण्याआधीचा नाताळ

सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर बदलापूर. स्टेशनच्या पूर्वेला उतरून एमआयडीसीच्या दिशेने निघालं की खरवई. एके काळचं हे गाव आता नगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि पत्ता विचारला तर लोक वाडीऐवजी कॉम्प्लेक्सचं नाव सांगतात. नोव्हेंबर सरता सरता इथल्या एखाद्या गॅलरीत दिवाळीचा आकाशकंदील उतरतो आणि त्याच खिळ्याला कागदी चांदणी लागते. शेजारच्यांना वाटतं, यांचा नाताळ सुरू झाला. घरातल्या आजीला विचारलं तर ती सांगेल, नाताळ नाही हो, आगमनकाळ. नाताळला अजून चार रविवार आहेत.

हे चार रविवार म्हणजे कॅथलिक पंचांगाची सुरुवात. ख्रिस्तसभेचं नवं वर्ष जानेवारीत नव्हे, इथे उजाडतं. संत आंद्रेयाचा सण ३० नोव्हेंबरला. त्याच्या सर्वांत जवळचा रविवार तो पहिला. त्यामुळे हा काळ कधी २२ दिवसांचा, तर कधी २८ दिवसांचा. वेदीवर आणि फादरांच्या अंगावर जांभळा रंग येतो, रविवारच्या मिस्सेतलं 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत बंद होतं, फुलांची आरास आवरती घेतली जाते. तिसऱ्या रविवारी तेवढा गुलाबी रंग, कारण तो आनंदाचा रविवार. हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या असतात. दर रविवारी एक जास्त पेटते. या चक्राची गंमत अशी, की आज ते प्रत्येक कॅथलिक चर्चमध्ये दिसत असलं, तरी त्याचा शोध लागला प्रोटेस्टंटांकडे. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न नावाच्या पाळकाने अनाथ मुलांना नाताळ किती दिवसांवर आलाय हे कळावं म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रोजची एक छोटी, रविवारची मोठी. मुलं रोज विचारून भंडावत असणार, त्याशिवाय असं काही सुचत नाही.

वसईत हा काळ गावाच्या अंगवळणी पडलेला आहे. तिथे चर्च जुनं, घरं जुनी, गोठा कुणी बांधायचा आणि गाणी कुणी बसवायची हे ठरलेलं. कल्याण ते बदलापूर या पट्ट्यात तसं काही नव्हतं. कल्याण जंक्शन झालं तेव्हा रेल्वेच्या नोकरीत गोवेकर आणि अँग्लो-इंडियन आले. अंबरनाथला काडेपेटीचा कारखाना निघाला, मग ऑर्डनन्स फॅक्टरी. उल्हासनगर तर महायुद्धातल्या लष्करी छावणीवर वसलेलं. १९४९ मध्ये त्याला हे नाव मिळालं, ते फाळणीत आलेल्या सिंधी निर्वासितांचं शहर म्हणून. त्यानंतर मुंबईत जागा परवडेना, तसे मंगळूरचे, केरळचे, तमिळ, नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती, वसईची धाकटी पाती असे सगळे स्वस्त फ्लॅटच्या मागे याच मार्गावर सरकत आले. कल्याणचं लूर्ड्स माता चर्च, अंबरनाथचं फातिमा माता चर्च आणि त्याला लागून असलेली शाळा, ही या लोकांची भेटायची ठिकाणं.

अशा धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चच्या लोकांची, एक अडचण असते. ऐन नाताळात निम्मं धर्मग्राम गावी. कुणी वसईला सासरी, कुणी कोकण रेल्वेने मडगाव-मंगळूर, कुणी श्रीरामपूर-राहुरीकडे. २४ डिसेंबरच्या रात्री चर्च भरतं, पण त्यात पाहुणेही बरेच. इथल्या लोकांनी इथल्या लोकांसोबत साजरा केलेला सण पाहायचा असेल, तर तो आगमनकाळात. माझं मत असं, की या मार्गावरच्या कॅथलिकांचा खरा सामुदायिक सण नाताळ नसून त्याच्या आधीचे हे चार आठवडे आहेत. नाताळ घराण्याचा, आगमनकाळ शेजाऱ्यांचा.

त्यातही एका जिन्यावर दोन पंचांगं. पहिल्या मजल्यावरचे मुंबई महाधर्मप्रांतातले, लॅटिन विधीचे. दुसऱ्या मजल्यावरचं केरळी कुटुंब सिरो-मलबार विधीचं. त्यांच्यासाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला आणि २०२५ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. लॅटिन चर्चमध्ये पहिल्या रविवारी जागे राहा, वेळ सांगून येत नाही, असा इशारा वाचला जातो. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी अरण्यातला योहान बाप्तिस्ता. मारिया आणि योसेफ चौथ्या रविवारी. सिरो-मलबार पद्धतीत हा मंगलवार्तेचा काळ. तिथे कथा घराघरांतून पुढे सरकते: म्हाताऱ्या जखऱ्याला देवदूत भेटतो, मग मारियेला, मग योहानाचा जन्म, मग योसेफाचं स्वप्न. शिवाय १ डिसेंबरपासून त्यांचा २५ दिवसांचा उपास. मांस, मासे, अंडी बंद. लॅटिन परंपरेतही पूर्वी उपास होता. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर शहरी संत मार्टिनच्या सणापासून आठवड्यातले तीन दिवस तो पाळत. पुढे तो सैल झाला. त्यामुळे खालच्या मजल्यावर रविवारी सुक्याचा वास येतो आणि वरच्या मजल्यावर कडधान्य शिजतं. भांडण नाही, पण वरच्यांची थोडी ऐट असते.

कल्याणला सिरो-मलबारसारख्या पूर्वेकडच्या परंपरेचं नवल नसावं. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने 'कल्लिआना' इथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं लिहून ठेवलं आहे, आणि पुष्कळ अभ्यासक ते कल्याण हेच मानतात. आणि आगमनाची वाट पाहण्यावर मराठीने तर एक महाकाव्यच रचलं. फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राचोल इथे छापलं गेलं. सुमारे ११ हजार ओव्या. त्याचं मूळ पोर्तुगीज शीर्षकच तारणाऱ्याच्या जगात येण्याविषयीचं आहे, आणि येशूच्या जन्मापर्यंत पोचण्याआधी वाचकाला अख्खं 'पहिलं पुराण' पार करावं लागतं. चार रविवार कमी वाटावेत इतका लांब आगमनकाळ.

तर हे चार आठवडे लोक करतात काय? पहिलं काम कबुलीचं. नाताळाआधी पापनिवेदन करायचं, म्हणून आजूबाजूच्या चर्चमधले फादर एका संध्याकाळी एका चर्चमध्ये जमतात, दुसऱ्या संध्याकाळी दुसऱ्या. तारखा आधीच सांगितलेल्या असतात. खुर्च्या अंतरा-अंतरावर, प्रत्येक खुर्चीसमोर एक रांग. साडेसातनंतर रांग लांबते, कारण तेव्हा लोकल आलेली असते. डब्याची पिशवी पायाशी ठेवून माणसं उभी. मराठीत बोलणारे फादर कोणते, मल्याळम कुणाला कळतं, कोण लवकर सोडतं, ही माहिती रांगेत कुजबुजत पुढे सरकते.

दुसरं काम नाचणीचं, आणि हे मला सगळ्यांत आवडतं. गोठ्यासमोर हिरवं शेत हवं. त्यासाठी सणाच्या दहा-बारा दिवस आधी नाचणी रात्रभर भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात आणि मिठाईच्या डब्याच्या झाकणात बोटभर माती पसरून दाट पेरतात. माती दिसता कामा नये इतकी दाट. वर ओलं गोणपाट. दोन दिवस अंधारात, मग उजेडात. पाणी हाताने शिंपडायचं, ओतलं तर दाणे एका कोपऱ्यात गोळा होतात. कोकणातल्या अंगणात हे आपोआप जमतं. फ्लॅटच्या उत्तरेकडच्या खिडकीत रोपं उंच, पिवळी होतात आणि आडवी पडतात. मग झाकणं गच्चीवर नेतात, आणि गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे. म्हणजे बेथलेहेमची हिरवळ वाढवायला शेजारच्या काकांची परवानगी लागते. ती मिळते. काका रोज वर जाऊन पाणीही शिंपडून येतात.

गोठा बांबूचा, पेंढ्याचा. मूर्ती जमेल तेव्हा मांडतात: मेंढपाळ, गाय, गाढव. गव्हाण मात्र २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी. लहान मुलांना ही रिकामी गव्हाण फार छळते. पहिला असा गोठा १२२३ मध्ये संत फ्रान्सिस आसिसीकरांनी इटलीत ग्रेच्चो इथे उभा केला, तेव्हा बैल आणि गाढव खरे होते.

तिसरं काम तळणीचं. एका घरी चार-पाच जणी जमतात. मैदा, नारळाचं दूध, थोडं तूप. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबून गुंडाळली की कुलकुल. शिवाय नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्याच. गोव्याची नारळ-गूळ-तीळ घालते, मंगळूरची म्हणते तीळ भाजून, वसईची दोघींना गप्प करते. डबे मात्र सगळ्यांच्या नावाने भरतात आणि बिगरख्रिस्ती शेजाऱ्यांचे आधी भरतात. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसं याच दिवसांत शिधा गोळा करतात: तांदूळ, तेल, साखर. ही सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सुरू केली. कुणाला काय दिलं ते मोठ्याने सांगायचं नाही, ही तिची रीत अजून बऱ्यापैकी टिकून आहे.

एक तक्रार नोंदवतो. घरोघरी कॅरल गात फिरणाऱ्या टोळ्या आता डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात निघतात. सांताक्लॉज, ट्रॉली स्पीकर, रेकॉर्डवरची इंग्रजी गाणी. मुलांना मजा येते हे कबूल. पण जन्माची गाणी जन्माआधी तीन आठवडे वाजली, की त्या जांभळ्या रंगाला काही अर्थ उरत नाही. १७ डिसेंबरपासून प्रार्थनेत रोज एका नव्या नावाने येणाऱ्याला हाक मारण्याची फार जुनी पद्धत आहे, २३ तारखेपर्यंत सात नावं. टोळ्यांनी निदान १७ तारखेची वाट पाहावी, आणि दोन गाणी मराठीत बसवावीत.

२०२६ मध्ये पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे, चौथा २० डिसेंबरला. ज्यांना हे पाहायचं असेल त्यांनी मधल्या तीन आठवड्यांतल्या कुठल्याही संध्याकाळी अंबरनाथ किंवा कल्याणला चर्चमध्ये डोकवावं. कुणी अडवत नाही. २४ तारखेची वाट पाहू नका. तोपर्यंत नाचणी पेरणारी निम्मी माणसं रेल्वेत बसलेली असतात.