ट्रिम टॅब केवढे घ्यावेत?

डमडमला माझ्या गच्चीवरून विमाने उतरताना दिसतात, आणि पश्चिमेला थोड्याच अंतरावर हुगळी नदी आहे. विमान आणि वेगवान मोटरबोट या दोघांतही ट्रिम टॅब नावाची एक वस्तू असते. काम करण्याची रीत मात्र वेगळी. विमानात ही छोटी पट्टी एलेव्हेटरच्या मागच्या कडेला असते. ती वर वळवली की हवेच्या दाबाने एलेव्हेटर खाली जातो आणि वैमानिकाला दांडा सतत रेटून धरावा लागत नाही. बोटीत टॅब थेट पाण्यावर काम करतो. मागच्या फळीच्या तळाशी, डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे बिजागरीवर बसवलेले हे दोन पत्रे. पत्रा खाली झुकला की पाणी त्याला वर ढकलते, बोटीची पाठ उचलली जाते आणि नाळ खाली बसते.

याची गरज काय? थ्रॉटल उघडले की बोट स्वतःच्याच लाटेवर चढू लागते. नाळ इतकी वर येते की काही सेकंद चालवणाऱ्याला समोरचे पाणी दिसतच नाही. हुगळीत वाहत येणारे बांबू पाहिलेल्या माणसाला ते काही सेकंद फार मोठे वाटतात.

दुसरे काम बोट सरळ ठेवण्याचे. आउटबोर्ड इंजिन वर-खाली तिरपे करून नाळ उचलता किंवा बसवता येते, पण एका बाजूला झुकलेली बोट त्याने सावरत नाही. खोल ‘व्ही’ तळाची बोट बाजूच्या वाऱ्यात, गंमत म्हणजे, वाऱ्याच्याच दिशेने झुकते, कारण आपण सुकाणू तिकडे धरलेले असते. तिथे एकच टॅब वापरतात. डावीकडचे ‘नाळ खाली’ बटण दाबले की उजवा टॅब खाली जातो, हे नवख्यांना हमखास चकवते.

आता निवडीविषयी, म्हणजे माझ्या चुकीविषयी. मित्राची 22 फुटी बोट, 200 अश्वशक्तीचे इंजिन. प्रचलित ठोकताळा असा की बोटीच्या दर फुटाला एक इंच रुंदीचा टॅब, प्रत्येक बाजूला. मी हिशेब केला आणि 24 इंच रुंद, 9 इंच लांब टॅब सुचवले. 20 नॉटला बोट झकास चालली. 40 नॉटला मी बटण जरा जास्त वेळ दाबले. नाळ पाण्यात रुतली आणि बोट आपोआप एका बाजूला वळली. मागे बसलेला मित्राचा मुलगा, तुमच्याच वयाचा, कठड्यावर आपटला. ओठ फुटला. लाइफ जॅकेट अंगात होते आणि तो बोटीतच राहिला, एवढेच नशीब.

कारण तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले आहे. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की तोच पत्रा, त्याच कोनात, चौपट जोराने पाठ उचलतो. ठोकताळा साध्या प्रवासी बोटींसाठी होता. मी तो शर्यतीच्या वेगाला लावला.

आम्ही ते काढून 12 इंची बसवले. जड, संथ बोटीला मोठे क्षेत्रफळ हवे. वेगवान बोटीला लहान पण मजबूत पत्रा, आणि वेग फार असेल तर प्रत्येक पत्र्याला दोन दांडे. पत्रा पूर्ण वर घेतल्यावर तो तळाच्या रेषेच्या किंचित वर राहिला पाहिजे, नाहीतर तो पाणी ओढत राहतो. हायड्रॉलिक की विजेवर चालणारा, या वादात मी पडत नाही. पत्रा किती खाली आहे हे दाखवणारा काटा मात्र हवाच. आमच्या पहिल्या जोडीला तो नव्हता, आणि पैसे वाचवण्याची सूचना माझीच होती.

मागून लाट येत असेल तर दोन्ही टॅब वर. रिव्हर्स घेण्याआधीही वर, नाहीतर पत्रा वाकतो. विसर्जनानंतरच्या दिवसांत मूर्तींच्या सांगाड्यांचे पेंढे पाण्यात असतात. ते बिजागरीत अडकतात. त्यामुळे घाट सोडण्यापूर्वी मित्राचा मुलगा आता मागे वाकून दोन्ही पत्रे खाली-वर होताना स्वतः पाहतो, आणि मग मला हात करतो.