काचांमधली हवा
(लेखमाला ‘हलती चित्रं’ : भाग सहावा)

मागच्या भागात ॲनिमेशन दिग्दर्शक स्तारेविचचे मेलेले भुंगे पडद्यावर संसार थाटताना आपण पाहिले. आजही मॉस्कोतच राहू, फक्त साठ-एक वर्षं पुढे येऊ.

१९७५ साली सोयुझमुल्तफिल्म या सरकारी स्टुडिओत दहा मिनिटांचा एक चित्रपट पूर्ण झाला, ‘धुक्यातला हेजहॉग’. हेजहॉग म्हणजे साळिंदरासारखाच काटेरी, पण ओंजळीत मावेल एवढा प्राणी. सेर्गेई कोझलोव यांच्या गोष्टीतला हा हेजहॉग संध्याकाळी मित्राकडे निघतो. मित्र म्हणजे अस्वलाचं पिल्लू. दोघं एकत्र बसून चांदण्या मोजतात, म्हणून जाताना हातात रासबेरीच्या मुरंब्याची पुरचुंडी. वाटेत दाट धुक्यात त्याला एक पांढरा घोडा दिसतो. घोडा तिथेच झोपला तर धुक्यात गुदमरेल का, असा प्रश्न त्याला पडतो आणि ते पाहायला तो धुक्यात उतरतो. कथा एवढीच. त्यापुढे हरवणं आहे, भीती आहे, नदीत पडणं आहे आणि पाण्याखालून ‘कोणीतरी’ येऊन पाठीवर घेणं आहे. ते कोणीतरी कोण, हे शेवटपर्यंत कळत नाही. कळत नाही हेच मला फार आवडतं.

ते धुकं मात्र कागदाचं आहे. दिग्दर्शक युरी नॉर्श्टेन आणि कॅमेरामन अलेक्सांद्र झुकोव्स्की यांनी दृश्यावर अतिशय पातळ, अर्धपारदर्शक कागद ठेवला आणि एकेका फ्रेमगणिक तो कॅमेऱ्याच्या दिशेने हळूहळू वर उचलत नेला. कागद जसजसा वर येतो तसतसं त्याच्याखालचं जग पुसट आणि पांढरं होत जातं. नदीसाठी त्यांनी खरंच पाणी चित्रित केलं.

इथे त्यांची मांडणी समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. कॅमेरा वरून खाली पाहतो. त्याच्याखाली एकाखाली एक अशा काचा, मध्ये अंतर सोडून. एका काचेवर झाडाची फांदी, तिच्या खालच्या काचेवर हेजहॉग, त्याच्याही खाली डोंगर. ही पात्रं कागद-सेल्युलॉइडचे कापलेले तुकडे असतात. पाय वेगळा, डोकं वेगळं. तुकडा केसभर सरकवायचा, एक फ्रेम टिपायची, पुन्हा सरकवायचा. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम धावतात, म्हणजे एका मिनिटाला १४४०. चित्र सपाटच असतं, पण काचांमधली हवा खरी असते. त्या हवेमुळे नॉर्श्टेनच्या जंगलात शिरल्यासारखं वाटतं. पात्रं घडवणारी चित्रकार फ्रांचेस्का यार्बुसोवा ही त्यांची पत्नी. या चित्रपटांवर दोघांचं नाव सारख्याच आकारात असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

नॉर्श्टेन यांचा जन्म १५ सप्टेंबर १९४१चा. जर्मन फौजा मॉस्कोकडे येत होत्या, त्यामुळे आईला पेन्झा प्रांतातल्या आंद्रेयेव्का गावी हलवण्यात आलं होतं. तिथे ते जन्मले. वाढले मात्र मॉस्कोच्या मारिना रोश्चा भागात, एका स्वयंपाकघरात अनेक कुटुंबांच्या चुली असणाऱ्या सामायिक घरात. कुटुंब ज्यू. पुढे चित्रकलेच्या संस्थांनी प्रवेश नाकारला, तेव्हा काही काळ फर्निचरच्या कारखान्यात काम केलं. मग सोयुझमुल्तफिल्मचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि १९६१पासून तिथेच नोकरी. दुसऱ्यांच्या असंख्य चित्रपटांसाठी पात्रं हलवत त्यांचा हात तयार झाला. १९७१मध्ये ज्येष्ठ इवान इवानोव-वानो यांच्याबरोबर ‘केर्झेनेत्सची लढाई’ केली, जुन्या रशियन धर्मचित्रांना आणि भित्तिचित्रांना रिम्स्की-कोर्साकोव्हच्या संगीतावर हलवत. त्यानंतर ‘कोल्हीण आणि ससा’, ‘बगळा आणि क्रौंच’. आणि मग हेजहॉग.

१९७९च्या ‘गोष्टींची गोष्ट’पाशी मला थांबायलाच हवं. २९ मिनिटांच्या या चित्रपटाची पटकथा नॉर्श्टेननी लेखिका ल्युदमिला पेत्रुशेव्स्कायाबरोबर लिहिली. तिच्यात कथानक शोधू नका. एक करडा लांडगा आहे, रशियन अंगाईतला, काठावर झोपणाऱ्या बाळाला उचलून नेणारा. इथे मात्र तोच लहान मुलासारखा भेदरलेला, एका ओसाड घराच्या आसपास राहणारा. त्याचे डोळे एका ओल्या मांजराच्या पिल्लाच्या फोटोवरून आले. घर मारिना रोश्चातलं. चित्रपटाचं पहिलं नावही त्या अंगाईतूनच घेतलं होतं, पण अधिकाऱ्यांनी ते मान्य केलं नाही. शेवटी तुर्की कवी नाझिम हिकमेत यांच्या कवितेचं नाव दिलं गेलं.

त्यात एक प्रसंग आहे. दिव्याच्या खांबाखाली जोडपी टँगो नाचताहेत. संगीत अडखळतं आणि एक पुरुष नाहीसा होतो. पुन्हा सुरू होतं, पुन्हा अडखळतं, दुसरा नाहीसा होतो. बायका तशाच उभ्या, हात हवेत, समोर कोणी नाही. मग युद्धावरून आलेली पत्रं हवेत उडत येतात. काही जण परततात, त्यातला एक कुबडीवर. युद्धावरचे इतके चित्रपट पाहिले, पण रिकाम्या हातांची ती ओळ जितकी मनात रुतली तितकं दुसरं काही रुतलं नाही. ज्यांचा जन्मच त्या युद्धातल्या पळापळीत झाला, त्यांनी ही ओळ रचली आहे.

१९८४मध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या निमित्ताने भरलेल्या कलामहोत्सवात आंतरराष्ट्रीय परीक्षकांनी ‘गोष्टींची गोष्ट’ला आजवरचा सर्वोत्तम ॲनिमेशनपट ठरवलं. सोव्हिएत खेळाडूंनी त्या ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला होता, पण लांडगा तिथे पोहोचला. त्याच वर्षी जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांचं या एकाच चित्रपटावरचं संपूर्ण पुस्तक निघालं.

आणि पुढच्याच वर्षी, १९८५मध्ये, नॉर्श्टेन यांना सोयुझमुल्तफिल्ममधून काढून टाकण्यात आलं. कारण, काम फार हळू. १९८१पासून ते गोगोलच्या ‘ओव्हरकोट’वर काम करत होते. दोन वर्षांच्या चित्रीकरणानंतर हाती दहाच मिनिटं आली होती. स्टुडिओच्या वार्षिक हिशेबात ते बसणं शक्यच नव्हतं. पण नॉर्श्टेननी निवडलेला माणूस पाहा. अकाकी अकाकीयेविच हा पीटर्सबर्गमधला कारकून, दुसऱ्यांची कागदपत्रं सुवाच्य अक्षरात नकलून काढणं हेच त्याचं आयुष्य. अशा माणसाच्या चेहऱ्यावर भाव उमटवायचा तर पापणी, सुरकुती, ओठाचा कोपरा हे सगळे वेगवेगळे तुकडे लागतात आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे सरकवावं लागतं. त्या संथपणाला मी हट्टही म्हणणार नाही. या पद्धतीने असा माणूस उभा करायला इतकाच वेळ लागतो.

१९९३मध्ये फ्योदोर खित्रुक, एदुआर्द नाझारोव आणि आंद्रेई ख्रझानोव्स्की या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ‘शार’ ही ॲनिमेशनची शाळा आणि स्टुडिओ उभा केला. १९९९मध्ये झुकोव्स्की गेले. काचांखालचा प्रकाश ज्याला कळत होता तोच माणूस गेला आणि ‘ओव्हरकोट’चं काम ठप्प झालं. मधल्या काळात किहाचिरो कावामोतो यांच्या ‘हिवाळ्याचे दिवस’ (२००३) या जपानी चित्रपटाचा सुरुवातीचा तुकडा त्यांनी केला. त्यात थंड वाऱ्यात, फाटक्या कपड्यांत फिरणारा कवी बाशो आहे. ‘ओव्हरकोट’ची २००४पर्यंत सुमारे २५ मिनिटं झाली होती.

त्यातला मी पाहिलेला भाग कृष्णधवल आहे, बहुतेक सगळा अंधारच. अकाकी बर्फातून घरी येतो. मग कागदावर वाकतो आणि एक अक्षर काढू लागतो.