खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांतील नायट्रेट

घरांत खाऱ्या पाण्याचें मत्स्यालय ठेवण्याची हौस हल्लीं कांहीं कुटुंबांत दिसून येते. पाणी स्वच्छ असतें, गाळणयंत्र रात्रंदिवस चालू असतें, मासे वेळेवर खातात; आणि तरीहि वर्षभरांत कांचेवर शेवाळ चढूं लागतें, समुद्रफूल आंखडून बसतें, माशांचा तजेला जातो. चांचणीच्या नळींत थोडें पाणी घेऊन औषधाचे थेंब घालावे, तों रंग गडद तांबडा होतो : लिटरमागें ८० मिलिग्रॅम नायट्रेट! प्रवाळांच्या खुल्या समुद्रांत हेंच प्रमाण बहुधा १ मिलिग्रॅमच्याहि खालीं असतें. समुद्रांतला मासा घाण पाण्यांतून दूर निघून जाऊं शकतो. पेटींतल्या माशाला ती सोय नाहीं. मग गाळणयंत्र बिघडलें अशी शंका येऊन मुलगा नव्या यंत्राचा हट्ट धरतो आणि वडील पाकीट चांचपूं लागतात. वास्तविक यंत्र बिघडलेलें नसतें. तें आपलें काम चोख बजावीत असतें, व नायट्रेट हें त्या कामाचेंच फळ असतें.

तें कसें, हें आधीं पाहूं. माशाच्या अन्नांतील प्रथिनांचा नत्र शेवटीं अमोनियाच्या रूपानें, मुख्यत्वें कल्ल्यांवाटे, पाण्यांत उतरतो. उरलेलें अन्न व विष्ठा कुजूनहि अमोनियाच होतो, आणि तो माशांस अत्यंत विषारी आहे. यंत्रांतील स्पंजावर व खड्यांवर वस्ती करून राहणारे सूक्ष्मजंतु प्राणवायूच्या साहाय्यानें त्याचें नायट्राइट करितात; निराळ्या जातीचे जंतु नायट्राइटचें नायट्रेट करितात. पहिलें द्रव्य थोड्याशा प्रमाणांतहि घातक. तिसरें त्या मानानें सौम्य. इ. स. १८५० च्या सुमारास लंडनमध्यें रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें, मासे व पाणवनस्पति एकत्र ठेविल्यास पाणी बराच काळ निर्दोष राहतें, हें दाखविलें. त्याच्याच नांवाच्या त्याच्या मुलानें पुढें रॉथमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेंत, अमोनियाचें नायट्रेट होण्याची क्रिया दोन टप्प्यांनीं चालते, हें शोधून काढलें. बापाच्या पेटींत काय चाललें होतें तें मुलाला शेताच्या मातींत सांपडलें! ते जंतु वेगळे काढण्याचें श्रेय मात्र विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाचें, साल १८९०.

समुद्रांत ही सांखळी नायट्रेटपाशीं थांबत नाहीं. वनस्पति तें शोषून घेतात, आणि तळाच्या प्राणवायुहीन गाळांत आणखी तिसरे जंतु त्याचा नत्रवायु करून टाकितात. पेटींत ही शेवटची कडी तुटलेली असते. नायट्रेट वाफेबरोबर उडत नाहीं, कापडांतून गाळलें जात नाहीं. तें सांचत जातें. म्हणून एक तर तें पाण्याबरोबर बाहेर नेलें पाहिजे, नाहीं तर तुटलेली कडी पुन्हां जोडली पाहिजे.

पाणी बदलण्याचा उपाय सर्वांस ठाऊक असतो, पण त्यांतील गणित थोड्यांनाच. ८० मिलिग्रॅमच्या पाण्यापैकीं चतुर्थांश काढून निर्मळ पाणी घातलें तर ६० उरतें; दुसऱ्या खेपेस ४५, तिसऱ्या खेपेस ३४, चौथ्या खेपेस २५. येथवर सोपें आहे. परंतु मधल्या काळांत मासे जेवतच असतात! समजा, आठवड्यास लिटरमागें १० मिलिग्रॅम नवी भर पडते आणि मालक दर रविवारीं दशांश पाणी बदलतो. तर पातळी कोठें स्थिरावेल? जेथें दशांश भाग बरोबर १० होईल तेथें, अर्थात् १०० वर. म्हणजे हा मनुष्य वर्षानुवर्षें नेमानें बादल्या वाहील, आणि त्याचें नायट्रेट ९० व १०० यांच्यामध्यें झुलत राहील. पंचमांश पाणी बदलल्यास आंकडा ५० वर येतो. दशांशच बदलून भर निम्मी केली, तरीहि ५० च. माझ्या मतें अर्धा विषय या एका हिशेबांत आला.

भर निम्मी करणें बहुतेक घरांत अवघड नसतें, कारण लाडानें घातलेलें अधिक अन्न हेंच तिचें मूळ असतें. दोन-तीन मिनिटांत संपेल तेवढेंच घालावें. गोठविलेली कोळंबी आधीं धुवून घ्यावी. स्पंजांत अडकलेला कचरा तेथेंच कुजत असतो. तो दर आठवड्यास धुवावा, पण पेटींतून काढलेल्या पाण्यांत, कारण नळाच्या पाण्यांतील क्लोरिनानें उपयुक्त जंतु मरतात. आणखी एक चोरवाट आहे. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतें, आणि खतें पडणाऱ्या शेताजवळच्या विहिरींत तें याहून अधिकहि आढळतें. असल्या पाण्यांत मीठ कालवून आपण नायट्रेट काढीत नसून ओतीत असतों. म्हणून आरओ यंत्राचें पाणी घ्यावें, त्यांत लिटरमागें सुमारें ३५ ग्रॅम क्षार असावे, व तें पेटीइतकेंच ऊबदार असावें. ८० वरून एका दिवसांत ५ वर येण्याचा पराक्रम मात्र कोणीं करूं नये. इतक्या फरकाचा धक्का माशांस सोसत नाहीं.

पावसाळ्यांत किनाऱ्यावर पिवळट फेस आलेला पुष्कळांनीं पाहिला असेल. पाण्यांतील सेंद्रिय द्रव्यें बुडबुड्यांस चिकटून तो होतो. फेसयंत्र हेंच करतें : द्रव्यें कुजण्यापूर्वीं फेसाबरोबर बाहेर काढितें. झालेल्या नायट्रेटवर त्याचा कांहीं इलाज नाहीं.

शेजारच्या छोट्या टांकींत दिव्याखालीं केसांच्या गुंत्यासारखें हिरवें समुद्रशेवाळ वाढविणें हा उपाय मला फार सुंदर वाटतो. मात्र तें वरचेवर कापून फेकलें पाहिजे. तेथेंच मेलें तर घेतलेलें सर्व परत करतें. कोणी आपल्या खाड्यांतल्याप्रमाणें कांदळाचीं रोपें लावितात. तीं शोभिवंत, पण वाढ फारच मंद.

तुटलेली कडी खरोखर जोडते ती वाळू. दहा-पंधरा सेंटिमीटर बारीक वाळूच्या तळाशीं प्राणवायु पोंचत नाहीं. तेथील जंतु नायट्रेटमधला प्राणवायु घेऊन श्वसन करितात आणि नत्रवायूचे बुडबुडे वर सोडितात. मोनॅको येथील झोबेर यांनीं वाळूखालीं पाण्याची पोकळी ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या थराला महिनोंमहिने वेळ लागतो, व तो ढवळल्यास कुजक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायु सुटूं शकतो. सच्छिद्र खडकांच्या गाभ्यांतहि हीच क्रिया होते. परंतु त्यासाठीं मालवणच्या समुद्रांतून प्रवाळ आणूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तसें करणें हा गुन्हा आहे. कांहीं शौकीन मद्यार्काचे किंवा सिरक्याचे थेंब घालून जंतूंची वाढ करितात, म्हणजे ते जंतु नायट्रेट खातात व फेसयंत्र त्यांस बाहेर काढितें. उपाय खरा आहे. पण मात्रा वाढली तर प्राणवायु संपून एका रात्रींत सर्व मासे गुदमरतात. ज्या घरांत बादलीचा हिशेब अद्याप जमला नाहीं, तेथें ही बाटली न उघडलेली बरी.

कोठवर उतरावें? नुसते मासे असतील तर २० च्या आसपास पुरे. प्रवाळ असल्यास ५ पर्यंत. अगदीं शून्य नको, कारण प्रवाळाच्या अंगांत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालालाहि थोडा नत्र लागतोच. आणि दोन निरनिराळ्या चांचण्यांत एकच पाणी १० व ४४ असें दिसलें तर गोंधळूं नये. एक चांचणी केवळ नत्राचें वजन सांगते, दुसरी सबंध नायट्रेटचें. पहिल्या आंकड्यास ४.४३ नीं गुणिलें कीं दुसरा मिळतो. कोणतें मोजलें आहे तें डबींतील कागदावर छापलेलें असतें.