पोहता येतं, पण समुद्र वाचता येतो का?

यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशावर नद्या भरपूर आहेत. एका सीमेवर वर्धा, दुसऱ्या सीमेवर पैनगंगा, मधे बेंबळा, अरुणावती, अडाण. समुद्र मात्र कुठंच नाही. तो इथून सहा-सातशे किलोमीटर दूर. तरीसुद्धा आज मी समुद्रकाठच्या एका खेळाबद्दल बोलणार आहे. कारण दिवाळी संपली की आपल्या शाळा-कॉलेजांच्या सहली कोकणाकडे निघतात. अशा गटांबरोबर मीही जातो. निघण्याआधी मुलांना चार सूचना द्यायला लागलो की हमखास उत्तर येतं, "सर, आमाले पोवता येते ना!"

येतं, यात शंका नाही. डोहात सूर मारणारी, पुराच्या पाण्यात म्हैस शोधायला उतरणारी ही मुलं. पण नदीचं पाणी एका दिशेनं जातं आणि समुद्राचं पाणी येतं आणि जातं. या एका फरकानं सारा हिशेब बदलतो. हा हिशेब ज्या खेळात पावलोपावली करावा लागतो, त्याचं नाव कोस्टीअरिंग.

कोस्टीअरिंग म्हणजे खडकाळ किनाऱ्याच्या कडेकडेनं, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातून केलेली भटकंती. कधी खडकावरून चालायचं, कधी हातापायांनी चढायचं, कधी घळीतलं पाणी पोहून पार करायचं, कधी ठरावीक जागेवरून पाण्यात उडी घ्यायची. वर चढून कड्याच्या माथ्यावर जायचं नाही आणि खोल समुद्रातही जायचं नाही. या दोहोंच्या मधली अरुंद पट्टी, तेच खेळाचं मैदान. १९७३ साली समुद्रकाठच्या कड्यांवरील चढाईविषयी निघालेल्या एका इंग्रजी पुस्तकात हा शब्द छापला गेला. पुढं १९८०च्या दशकात वेल्समधल्या पेंब्रोकशायरच्या किनाऱ्यावर वाटाड्या बरोबर घेऊन पैसे भरून करायची सफर, असं रूप त्याला आलं. आज युरोपात अनेक ठिकाणी तो चालतो. आपल्याकडे तो अजून रुळलेला नाही.

नाव नवं असलं तरी अशी वाट आपल्याला अगदीच अनोळखी नाही. रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वर आहे. तिथल्या देवस्थानाला प्रदक्षिणा घालायची तर वाट देवळाच्या मागून टेकडीवर चढते, दोन उंच कातळभिंतींमधल्या घळीतून पायऱ्यांनी थेट समुद्रापाशी उतरते आणि मग लाटांना लागून असलेल्या सपाट खडकावरून परत फिरते. शाळेच्या भूगोलात 'तरंगघर्षित मंच' हा शब्द आपण पाठ केला होता. लाटांनी कडा खालून कापत नेला की पायथ्याशी जो सपाट ओटा उरतो, तो हा मंच. हरिहरेश्वरला आपण त्यावरून चालतो. खडकाला लाटांनी आणि खाऱ्या पाण्यानं मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडलेली दिसतात. ही प्रदक्षिणा फक्त ओहोटीला करायची असते. भरतीला तीच वाट पाण्याखाली जाते. हे न पाळल्यामुळं लाटेनं माणसं ओढून नेल्याच्या घटना तिथं घडलेल्या आहेत.

म्हणजे पहिला धडा वेळेचा. साधारण सव्वासहा तास पाणी चढतं आणि तितकेच तास उतरतं. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. कोकणात यासाठी एक सोपा आडाखा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती, म्हणून सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास भरती. पौर्णिमा झाली की वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकापासून मोजायचं. हा आडाखा आहे, घड्याळ नव्हे. अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून त्या ठिकाणचं भरतीचं वेळापत्रक पाहायचंच. पण यवतमाळमधे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून सहलीची तारीख ठरवायला तो पुरेसा आहे.

तारीख ठरवताना आणखी एक गोष्ट पाहावी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण असतं. पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा हा फरक कमी. मुंबईकडे उधाणाला पाण्याच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. दक्षिणेकडे मालवण-गोव्याला तो बराच कमी, दोनेक मीटर. उधाणाला पाणी खूप मागं हटतं आणि खडक मोकळे दिसतात, म्हणून माणसाला मोह होतो. पण परत येणारं पाणीही तितक्याच वेगानं येतं. नवख्यांनी षष्ठी ते अष्टमीचे दिवस निवडावेत. त्या दिवसांत ओहोटी सकाळी साडेदहा ते बाराच्या सुमाराला येते. दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे जोर धरतात आणि पाणी खवळू लागतं. त्याच्या आत माणसं किनाऱ्यावर परतलेली असतात.

दुसरा धडा लाटेचा. सगळ्या लाटा सारख्या नसतात. काही लहान लाटांनंतर दोन-चार मोठ्या लाटांचा जथा येतो. म्हणून चांगला वाटाड्या खडकावर पोचल्याबरोबर कोणालाही पाण्यात सोडत नाही. निदान दहा मिनिटं तो नुसता उभा राहून पाहतो. मोठी लाट कुठपर्यंत ओलं करून जाते, घळीतून पाणी मागं कसं ओढलं जातं, फेस कुठं साचतो, हे सगळं. खडकाचा ओला भाग म्हणजे लाटेनं काढलेली रेघ आहे. वरचा खडक कोरडा असेल तर तिथं उभं राहावं. ओला असेल तर पाणी तिथं आत्ताच येऊन गेलं आहे आणि पुन्हा येणार आहे. फेसाळ पाणी सुंदर दिसतं, पण त्यात हवा मिसळलेली असल्यानं ते अंगाला नेहमीसारखं उचलून धरत नाही. पट्टीचा पोहणाराही तिथं थकतो.

तिसरा धडा खडकाचा. उत्तर कोकणात किनाऱ्याला काळा पाषाण, म्हणजे आपल्या विदर्भातलाच. दक्षिणेकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभा मोठ्या प्रमाणात. भरतीच्या पट्ट्यातल्या खडकावर हिरवं शेवाळ असतं, ते साबणासारखं घसरतं. त्याशेजारी कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या शिंपल्यांची कड पात्यासारखी कापते. म्हणून या खेळात अनवाणी किंवा चपलेनं जायचं नाही. घट्ट बांधलेले जुने बूट, पूर्ण पँट, डोक्यावर हेल्मेट आणि अंगावर लाइफ जॅकेट. थंड देशांत अंगभर रबरी पोशाखही घालतात. कोकणात थंडीसाठी नाही, पण खरचटू नये म्हणून त्याचा उपयोग होतो. किनाऱ्यावरच्या कोळणी ओहोटीला कालवं काढायला जातात, तेव्हा त्यांचं पाऊल पाहावं. एक पाय पक्का बसल्याशिवाय दुसरा उचलत नाहीत आणि समुद्राकडे पूर्ण पाठ कधी करत नाहीत.

आता पाण्यात उतरल्यावर काय करायचं? खडकाजवळ घुटमळायचं नाही, कारण लाट माणसाला खडकावर आपटते. चार हात दूर तरंगत राहायचं. पाठीवर पडून, पाय पुढं. धक्का बसलाच तर बुटांना बसेल, डोक्याला नाही. बाहेर यायचं तेव्हा पाण्याशी भांडायचं नाही. लाट वर उचलते, तिच्याबरोबर खडकाशी यायचं, पकड घ्यायची आणि पाणी खाली जाताच पुढच्या लाटेआधी दोन पावलं वर चढायचं. पाणी बाहेर ओढत असेल तर त्याच्या उलट किनाऱ्याकडे हात मारत दमायचं नाही. आडवं, किनाऱ्याला समांतर पोहून त्या ओढीतून बाहेर पडायचं. आणि उडी? ती वाटाड्यानं स्वतः पाण्यात उतरून तळ पाहिल्यावरच. पाय खाली, पाय जुळवलेले. नदीतल्या सुराची सवय इथं चालत नाही. काल जिथं खोल पाणी होतं तिथं आज, भरतीची वेळ सरकल्यामुळं, खडक असू शकतो.

हे सगळं मी घाबरवायला सांगत नाही. पण एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. १ फेब्रुवारी २०१६ या दिवशी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून गेले. तो पावसाळा नव्हता. किनारा वाळूचा होता, खडकांचा नव्हे. तरुण मुलं होती, सहलीच्या आनंदात होती. समुद्र धोकादायक दिसतो तेव्हा माणूस सावध असतो. तो शांत दिसतो तेव्हाच जाणत्या माणसाची गरज सर्वांत जास्त लागते.

म्हणून वाटाड्या पारखून घ्यावा. महाराष्ट्र शासनानं २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही ठिकाणचे साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, असं त्यात आहे. आई-बाबांनी आणि शिक्षकांनी पैसे भरण्याआधी संयोजकाला सरळ प्रश्न विचारावेत. नोंदणी आहे का? किती मुलांमागे एक वाटाड्या? आठांमागे एक, याहून पातळ व्यवस्था नको. आज ओहोटी किती वाजता? लाइफ जॅकेट आणि हेल्मेट प्रत्येकाला आहे का? मधेच समुद्र बिघडला तर बाहेर पडायची वाट कुठं आहे? आणि शेवटचा, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : तुम्ही सफर रद्द केली असं शेवटचं कधी झालं? जो म्हणेल "कधीच नाही", त्याच्याबरोबर मुलं पाठवू नयेत. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. कोळीसुद्धा त्या महिन्यांत होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच समुद्राची आठवण काढतात.

हे शिक्षण कोकणात जाऊनच कामी येतं असं नाही. उमरखेडच्या बाजूला पैनगंगेवर सहस्रकुंडचा धबधबा आहे. पावसाळ्यात तिथं गर्दी होते. ओल्या काळ्या खडकाच्या अगदी कडेला उभं राहून फोटो काढणारी मुलं दरवर्षी दिसतात. वरच्या बाजूला इसापूर धरण आहे. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वरून पाणी सोडलं की नदी चढते. ओला खडक काय सांगतो, दहा मिनिटं नुसतं पाहणं म्हणजे काय, मागं फिरायची वाट आधी शोधणं म्हणजे काय, हे धडे तिथंही तेच आहेत. यंदा सहलीची पत्रिका घरी आली, की सही करण्याआधी कॅलेंडर काढा, तिथी पाहा आणि तिची पाऊणपट करा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)