कर्सर गायब, खापर ड्रायव्हरवर

प्रोग्रॅम विंडोजवर लिहिला, तिथे सुरळीत चालला. तोच कोड लिनक्सवर आणि मॅकवर नेला, तर एका ठिकाणी कर्सर दिसेनासा होतो. दुसरीकडे काम संपलं तरी 'थांबा'चं चक्र फिरतच राहतं. तिसरीकडे बाणाचं टोक एका बटणावर आणि क्लिक लागतो शेजारच्याला. एकाच कोडमधून अनेक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी विंडोवाले प्रोग्रॅम करणाऱ्यांना ही तक्रार पाठ असते, आणि तिच्यावरचे उपायही पाठ असतात: ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा, मशीन रीस्टार्ट करा, लायब्ररीची नवी आवृत्ती टाका. ड्रायव्हर कधीकधी खरोखर दोषी असतो. पण बऱ्याचदा हा प्रकार चोर सोडून संन्याशाला फाशी असाच निघतो.

सगळ्या घोळाच्या मुळाशी एक समज आहे. बटणं, मेनू, मजकूर जसा प्रोग्रॅम रंगवतो, तसाच कर्सरही तोच रंगवत असणार, असं गृहीत धरलं जातं. तसं नसतं. १९७३ च्या झेरॉक्स आल्टोपासूनच कर्सर वेगळा ठेवलेला आहे. त्या यंत्रात १६ गुणिले १६ ठिपक्यांचं कर्सरचं चित्र बाकीच्या पडद्यापासून स्वतंत्र जागी असे. आजच्या ग्राफिक्स चिपमध्येही कर्सरसाठी बहुधा वेगळा थर असतो. पडद्याकडे चित्र पाठवतानाच तो वरून मिसळला जातो. म्हणून तर प्रोग्रॅम गोठला तरी कर्सर मात्र खुशाल फिरत राहतो. प्रोग्रॅमच्या हाती फक्त विनंती असते: 'माझ्या विंडोवर असताना हा आकार दाखव.' ती कधी मानायची आणि कधी विसरायची, हे सिस्टिम ठरवते, आणि प्रत्येक सिस्टिमचे नियम निराळे आहेत.

यातूनच तपासाची पहिली चूक होते. कर्सर दिसत नाही अशी तक्रार आली की स्क्रीनशॉट मागवला जातो. त्यात कर्सर नसतो आणि तक्रार 'सिद्ध' होते! वास्तविक साधा स्क्रीनशॉट विंडोंचं चित्र घेतो, वरून मिसळलेला थर त्यात येतोच असं नाही. काही साधनं तो मागाहून चिकटवतात, काही नाही. रिमोट डेस्कटॉपवर तर बहुधा बघणाऱ्याच्या बाजूचा प्रोग्रॅमच कर्सर काढत असतो. मूळ मशीनवर काय दिसतंय, याचा त्यावरून खात्रीने पत्ता लागत नाही.

ड्रायव्हरवर संशय असेलच तर तो तपासताही येतो. लिनक्सवर एक्स-ऑर्गच्या बहुतेक ड्रायव्हरना 'एसडब्ल्यूकर्सर' हा पर्याय देता येतो. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडवर, डब्ल्यूएलरूट्स कुटुंबातल्या डेस्कटॉपना 'डब्ल्यूएलआर_नो_हार्डवेअर_कर्सर्स' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून सांगता येतं, की वेगळा थर वापरू नका, कर्सर चित्रातच रंगवा. असं केल्यावर हरवलेला कर्सर परत आला, तर दोष ड्रायव्हरच्या किंवा व्हर्च्युअल मशीनच्या दारात टाकायला हरकत नाही. नाही आला, तर आपला कोड उघडावा.

कोडमध्ये सर्वांत जास्त चुका एका समजुतीने होतात: कर्सर एकदा सेट केला की झालं.

विंडोजवर माऊस हलला की सिस्टिम विंडोला 'डब्ल्यूएम_सेटकर्सर' हा निरोप पाठवते. प्रोग्रॅमने त्याची दखल घेतली नाही, तर विंडोचा क्लास नोंदवताना जो कर्सर दिला होता तो पुन्हा लागतो. त्यामुळे बटण दाबल्यावर 'सेटकर्सर' बोलावून अधिकचं चिन्ह लावलं, तर ते क्षणभर चमकतं आणि माऊस जरा हलताच पुन्हा बाण होतो. खरी जागा त्या निरोपाच्या हँडलरमध्ये आहे. तिथेही एक पाचर आहे. कर्सर विंडोच्या आतल्या भागावर आहे की कडेवर, हे न पाहता सरसकट आपलाच आकार लावला, तर विंडो लहानमोठी करताना कडेवर दिसणारे दुहेरी बाण नाहीसे होतात. लोकांना मग विंडोची कड सापडत नाही.

एक्स-ऑर्गच्या मुळाशी असलेल्या एक्स-११ मध्ये कर्सर हा विंडोचा गुणधर्म आहे. एकदा दिला की टिकतो. आतल्या विंडोला स्वतःचा नसेल तर आईचा लागू होतो. मॅकवर विंडोमधले आयत नोंदवून 'या आयतावर हा कर्सर' असं सांगण्याची पद्धत आहे. मांडणी बदलली आणि आयत पुन्हा नोंदवले नाहीत, तर जुन्याच जागी जुना आकार उगवतो. वेलँडचा नियम सगळ्यात कडक. कर्सर विंडोत शिरला, की त्या क्षणी त्याचं चित्र काय असेल हे अनिश्चित मानलं जातं आणि प्रत्येक प्रवेशाला ते नव्याने सांगणं ही प्रोग्रॅमची जबाबदारी ठरते. म्हणजे विंडोज विसरतं, एक्स-११ लक्षात ठेवतं आणि वेलँड दर वेळी दारातच विचारतं. टूलकिट हे फरक झाकायचा प्रयत्न करते, पण पूर्ण झाकू शकत नाही. एफएलटीके या हलक्या टूलकिटमध्ये कर्सर विजेटला नाही, विंडोला लावला जातो. एखाद्याच विजेटवर वेगळा कर्सर हवा असेल, तर 'एंटर' इव्हेंटला तो लावायचा आणि 'लीव्ह'ला काढायचा. पण 'एंटर' हाताळल्यावर फंक्शनने १ परत करायला हवा. तो विसरला तर 'लीव्ह' येतच नाही आणि विजेटसाठी लावलेला हाताचा पंजा साऱ्या विंडोभर फिरत राहतो.

दुसरी समजूत अशी, की लपवणं आणि दाखवणं म्हणजे दिव्याचं बटण. विंडोजच्या 'शोकर्सर'ला हे अजिबात लागू नाही. तो एक आकडा सांभाळतो. आकडा शून्य किंवा त्याहून जास्त असेल तरच कर्सर दिसतो. 'लपव' म्हटलं की एक वजा, 'दाखव' म्हटलं की एक अधिक. समजा, एका व्हिडिओ प्लेअरमध्ये माऊस स्वस्थ असताना दर तीन सेकंदांनी टायमर वाजतो आणि 'लपव' म्हणतो. पंधरा सेकंदांत आकडा उणे पाचवर गेला. मग माऊस हलला, प्रोग्रॅमने एकदा 'दाखव' म्हटलं, आकडा उणे चार झाला. कर्सर अजून गायबच! हा बग चाचणीत हमखास निसटतो, कारण चाचणी करणारा माणूस तीन सेकंद थांबून लगेच माऊस हलवतो; त्याच्यासाठी हिशेब बरोबर शून्यावर येतो.

मॅकवरही 'हाइड' आणि 'अनहाइड' यांची संख्या जुळावी लागते. क्यूटी या टूलकिटमध्ये 'सेट ओव्हरराइड कर्सर' दर वेळी चळतीवर एक कर्सर चढवतो आणि 'रिस्टोअर' एक उतरवतो. फंक्शनच्या मध्येच एरर येऊन कोड बाहेर पडला, की उतरवायचं राहून जातं आणि थांबा-चक्र प्रोग्रॅम बंद होईपर्यंत फिरतं. 'काम संपलं तरी चक्र थांबत नाही' या तक्रारीची गोम बहुधा इथेच असते. 'दिसेपर्यंत दाखव-दाखव म्हणत राहा' असा लूप लिहून काही जण वेळ मारून नेतात. दुसऱ्या कुठल्या भागाने मुद्दाम लपवलेला कर्सरही त्यात वर येतो, म्हणून तो उपाय टाळावा. आपण लपवला आहे का, याची एक खूण ठेवावी आणि त्याच खुणेवरून एकदाच दाखवावा.

जीएलएफडब्ल्यू या लायब्ररीत आणखी एक गल्लत होते. 'हिडन' म्हणजे फक्त न दिसणारा कर्सर. 'डिसेबल्ड' म्हणजे विंडोत कोंडलेला कर्सर, तो खेळांसाठी आहे. नुसता लपवायचा म्हणून दुसरा पर्याय निवडला, तर वापरणाऱ्याला माऊस विंडोबाहेर नेता येत नाही.

तिसरा गैरसमज सगळ्यात मजेशीर आहे, कारण त्यात विंडोजवर चुकीचा कोड बरोबर चालतो. मोठी फाइल उघडण्याआधी थांबा-कर्सर लावायचा, फाइल वाचायची, मग बाण परत लावायचा, तीन ओळी. विंडोजवर कर्सर तत्काळ बदलतो. फाइल वाचण्यात गुंतलेला प्रोग्रॅम निरोप हाताळतच नसल्यामुळे बाण परत आणणारा निरोपही तुंबून राहतो, आणि थांबा-कर्सर टिकतो. लिनक्सवर मात्र काहीच दिसत नाही. एक्स-११ ची लायब्ररी एक्सलिब आपल्या मागण्या लगेच सर्व्हरला पाठवत नाही, त्या बफरमध्ये साठवते. थांबा-कर्सरची मागणी बफरमध्ये पडून राहते, फाइल वाचून होते, बाणाची मागणी तिच्यामागे जाऊन बसते, आणि मग दोन्ही एकदम रवाना होतात. डोळ्याला फरक कसा दिसणार? फंक्शन बिघडलेलं नसतं. कर्सर लावल्यावर बफर रिकामा करावा लागतो: एक्सलिबमध्ये 'एक्सफ्लश', एफएलटीकेमध्ये 'फ्लश', टीके या टूलकिटमध्ये 'अपडेट आयडलटास्क्स'.

अर्थात ही मलमपट्टीच. काम लांबलं तर विंडोज साधारण ५ सेकंदांनी त्या विंडोला 'प्रतिसाद नाही' असा शिक्का मारतं. मॅकवरचा रंगीत फिरता चेंडूही प्रोग्रॅम लावत नाही; प्रोग्रॅम इव्हेंट उचलत नाही हे पाहून विंडो सर्व्हर तो लावतो. तो घालवण्याची कर्सरची आज्ञा शोधण्यात लोकांचे दिवस जातात, आणि तशी आज्ञाच नाही. लांब काम दुसऱ्या थ्रेडवर न्यावं, चेंडू आपोआप जातो.

कधी कर्सर जागेवर असतो, फक्त डोळ्याला दिसत नाही. विंडोजचा मजकुरावरचा उभा आय-आकाराचा कर्सर पारंपरिकरीत्या खालचे रंग उलटे करून दाखवला जातो: काळ्यावर पांढरा, पांढऱ्यावर काळा. युक्ती छान, पण खालचा करडा १२८ असला तर उलटून येतो १२७. करड्यावर करडा! मध्यम करड्या पार्श्वभूमीचा एडिटर करणाऱ्यांनी कडेला रेघ असलेला स्वतःचा कर्सर द्यावा, हेच शहाणपणाचं. टाइप करताना कर्सर नाहीसा होणं हा मात्र बग नाही. मॅक तसं मुद्दाम करतं, आणि विंडोजमध्येही तशी सेटिंग आहे.

आता बाणाचं टोक आणि क्लिक यांची फारकत. प्रत्येक कर्सरच्या चित्रात एक बिंदू ठरवलेला असतो, हॉटस्पॉट. क्लिक तिथे मोजला जातो. दाट पडद्यावर २ पट स्केलिंग असताना ४८ पिक्सेलचं अधिकचं चिन्ह पडद्यावर २४ एककांत बसतं. वेलँडला हॉटस्पॉट या एककांत हवा असतो, म्हणजे १२, १२. पिक्सेलच्या हिशेबाने २४, २४ दिला, तर क्लिक चिन्हाच्या मध्याऐवजी खालच्या उजव्या कोपऱ्यावर जातो. साध्या पडद्यावर हा दोष दिसतच नाही. आकाराबाबतही 'कितीही मोठं चित्र चालतं' हे खरं नाही. सगळ्या प्लॅटफॉर्मवर चालणारा आकार म्हणून क्यूटीचं दस्तावेजीकरण ३२ गुणिले ३२ सुचवतं. फायरफॉक्स आणि क्रोमियम १२८ गुणिले १२८ पेक्षा मोठा कर्सर घेत नाहीत.

लिनक्सवर एका प्रोग्रॅममध्ये कर्सर मोठा आणि दुसऱ्यात बारका दिसला, तर इन्स्टॉलेशन बिघडलं असं समजू नये. वेलँडवर चित्र प्रोग्रॅमच पुरवत आला आहे, त्यामुळे ज्याची थीम त्याचा कर्सर. 'एक्सकर्सर_थीम' आणि 'एक्सकर्सर_साइझ' ही दोन व्हेरिएबल आधी पाहावीत. २०२३ मध्ये आलेल्या कर्सर-शेप प्रोटोकॉलमुळे प्रोग्रॅमला चित्र न देता नुसतं आकाराचं नाव सांगता येतं. पण तो टूलकिट आणि डेस्कटॉप दोघांनीही स्वीकारलेला असावा लागतो.

कर्सरची तक्रार नोंदवणाऱ्यांना एक विनंती. ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स-११ की वेलँड, स्केलिंग किती, टूलकिटची आवृत्ती, आणि मशीन व्हर्च्युअल किंवा रिमोट आहे का, एवढं लिहाच. माऊस हलवल्यावर फरक पडतो की नाही तेही लिहा. आणि स्क्रीनशॉट जोडू नका. मोबाइल काढा आणि पडद्याचा सरळ फोटो घ्या.