दोन खुणांमधलं ऑइल

जालना जिल्ह्यात मोटरसायकल हौसेपुरती उरलेली नाही. भोकरदन-जाफराबादकडून मोंढ्यावर येणारा शेतकरी, अंबड-घनसावंगीच्या मोसंबीच्या बागांवर रोज जा-ये करणारा माणूस, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या कारखान्यांत पाळीवर जाणारा कामगार, या सगळ्यांचा दिवस शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर उभा असतो. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला तरी त्यावर दुचाकीला परवानगी नाही. या गाड्या जुन्या राज्य रस्त्यांवर, पाणंदींवर आणि काळ्या मातीच्या धुळीतच धावतात. अशा गाडीचं इंजिन उघडावं लागण्याची कारणं अनेक, पण त्यातलं सहज टाळता येण्याजोगं कारण म्हणजे इंजिनमध्ये ऑइल कमी असताना गाडी चालत राहणं. ऑइल कोणत्या कंपनीचं घालावं यावर चहाच्या टपरीवर तासभर चर्चा होते. ते इंजिनमध्ये आत्ता किती आहे, हा प्रश्न मात्र फार थोडे लोक विचारतात. माझं म्हणणं एवढंच आहे की ऑइलविषयीचे आपले बहुतेक गैरसमज या एका न विचारलेल्या प्रश्नातून जन्मतात.

या सवयीला इतिहास आहे. राजदूत, येझदी, आरएक्स-१०० या टू-स्ट्रोक गाड्यांच्या काळात ऑइल पेट्रोलबरोबर जळून जायचं. पेट्रोल भरताना ऑइलही मोजून टाकावं लागायचं, त्यामुळे ते विसरायची सोयच नव्हती. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी-१०० आली आणि फोर-स्ट्रोक इंजिन सामान्य घरात पोचलं. ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ ही तिची जाहिरात देशभर गाजली. ती पेट्रोलच्या बचतीबद्दल होती आणि तेवढ्यापुरती खरीही होती. पण पेट्रोलसोबत ऑइलही विसरायचं, असा तिचा अर्थ नकळत रुजला. फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल खाली क्रँककेसमध्ये साठलेलं असतं. पंप ते क्रँककडे आणि वर हेडमधल्या कॅमशाफ्टपर्यंत पोचवतो, तेच ऑइल गिअर आणि क्लच भिजवतं, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात बरीचशी उष्णताही वाहून नेतं. हे ऑइल पेट्रोलसारखं जळण्यासाठी नाही, हे खरं. पण ते मुळीच कमी होत नाही, हे खरं नाही.

‘खाली एक थेंब पडलेला नाही, मग ऑइल कमी कसं होईल?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर ठेवावाच लागतो, नाहीतर पिस्टन रिंग कोरड्या घासतील. त्या थरातला थोडा अंश दर वेळी जळतो. थोडी वाफ ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरकडे जाते. नव्या, निकोप इंजिनात हा खर्च नगण्य असतो. एअर फिल्टर धुळीने भरलेला किंवा फाटलेला असेल तर बारीक माती आत जाते, रिंग आणि बोअर झिजतात, मग खर्च वाढतो. व्हॉल्व्ह सील कडक झाले तरी तेच. निळसर धूर दिसायला लागतो तोवर बरंच ऑइल गेलेलं असतं, म्हणून धुराची वाट पाहणं ही तपासणी नव्हे. आता हिशेब पाहा. शंभर सीसीच्या गाडीत ऑइल सगळं मिळून एक लिटरच्या आसपास, बऱ्याच मॉडेलांत त्याहून कमीच. त्यातलं २०० मिलि गेलं तर पाचवा हिस्सा गेला. छोट्या कारमध्ये साडेतीन लिटर ऑइल असतं. तिथे तेवढीच घट सहा टक्क्यांच्या आत राहते. शिवाय कारच्या डॅशबोर्डवर ऑइलच्या दाबाचा लाल दिवा असतो; आपल्याकडच्या बहुतेक साध्या मोटरसायकलींवर तसा काही इशारा नाही. आणि जिथे तो दिवा आहे, तिथेही तो दाब पडल्यावर लागतो, पातळी घसरायला लागल्यावर नाही. म्हणजे जिथे ऑइल सर्वांत थोडं आणि सूचना देणारं काहीच नाही, तिथेच आपण सर्वांत निर्धास्त असतो.

पातळी पाहायला लागतात दोन-चार मिनिटं, पण ती चुकीच्या रीतीने पाहिली तर न पाहिल्यासारखीच. सर्वांत मोठी चूक साइड स्टँडची. साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकते. ऑइलची डिपस्टिक किंवा तपासणीची काच बहुतेक गाड्यांत उजव्या बाजूला असते, त्यामुळे झुकलेल्या गाडीत ऑइल त्या बाजूने खाली सरकतं आणि आहे त्यापेक्षा कमी दिसतं. मग माणूस गरज नसताना भर घालतो. म्हणून गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घ्यावी. तो नसेल तर कोणालातरी सरळ धरायला सांगावं. इंजिन तीन-चार मिनिटं सुरू ठेवून बंद करावं आणि वर गेलेलं ऑइल खाली उतरायला दोन-तीन मिनिटं द्यावीत. ‘गाडी रात्रभर उभी होती, सकाळी पाहिलं की बरोबर’ असं अनेकजण म्हणतात; पण कंपनीने खुणा ज्या स्थितीसाठी आखल्या, त्या स्थितीतच मोजायला हवं, आणि ती स्थिती गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेली असते. डिपस्टिक काढण्याआधी तिच्याभोवतीची माती पुसून घ्या, नाहीतर तपासणीच्या निमित्ताने तीच आत पडेल. दांडी स्वच्छ कापडाने पुसून परत आत घाला. हिरो-होंडा परंपरेच्या गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून मोजायची असते. पूर्ण फिरवून बसवली तर ती खोल जाते आणि ऑइल आहे त्याहून जास्त दिसतं. खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये ऑइल असलं की काम झालं. खालच्या खुणेजवळ असेल तर थोडं थोडं घालून, दर वेळी थांबून, पुन्हा पाहावं.

‘जास्त पडलं तर काय बिघडतं, इंजिन उलट गार राहील’ हा समज तितकाच महागात पडतो. वरच्या खुणेच्या पलीकडे गेलेलं ऑइल फिरत्या क्रँकने आणि गिअरने घुसळलं जातं, त्यात हवा मिसळून फेस होतो. फेसाळ ऑइल पंपातून नीट जात नाही आणि धातूंमध्ये थर धरत नाही. आतला दाब वाढून ऑइल ब्रीदरमधून एअर फिल्टर भिजवतं, सीलमधून झिरपू लागतं, गाडी जड वाटते, ॲव्हरेज उतरतं. भर घालताना संपूर्ण बाटली रिकामी करायचा मोह टाळला पाहिजे. उरलेलं झाकण लावून ठेवता येतं.

रंगाबद्दलचा गैरसमज मात्र इतका पक्का आहे की त्यावर दुकानं चालतात. ‘ऑइल काळं झालं, बदलून टाका.’ वास्तविक चांगल्या ऑइलमध्ये काजळी आणि मळ तरंगत ठेवणारी रसायनं मुद्दाम घातलेली असतात. मळ इंजिनच्या भिंतीला चिकटू न देता स्वतःत धरून ठेवणं हेच त्यांचं काम. त्यामुळे ऑइल काळवंडणं हे बहुतेक वेळा ते काम करत असल्याचं लक्षण आहे. उलट, बराच काळ चाललेलं ऑइल सोनेरी दिसत असेल म्हणून ते निरोगी आहे, असंही समजू नये. दोन बोटांत चोळून दाटपणा ओळखण्याची कलाही भरवशाची नाही, कारण इंजिनच्या तापमानात ऑइल कसं वागतं ते बोटांना कळू शकत नाही. रंगातून दोन गोष्टी मात्र खरोखर कळतात: दुधाळ, चहासारखं ऑइल म्हणजे आत पाणी गेलंय, आणि त्यात चमकणारे कण म्हणजे धातू झिजतोय. या दोन्ही वेळी भर घालून भागत नाही, मेकॅनिक गाठावा.

सर्वांत वजनदार आक्षेप उन्हाचा. जालन्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. मग कंपनी १०डब्ल्यू-३० सांगत असली तरी मराठवाड्यात जाड २०डब्ल्यू-५०च घालावं, असं अनेक अनुभवी मिस्त्री सांगतात. त्यांची चिंता खोटी नाही, निष्कर्ष चुकतो. या आकड्यांतला दुसरा आकडा ऑइल १०० अंश सेल्सिअसला किती दाट राहतं ते सांगतो. म्हणजे तापलेल्या इंजिनचा विचार त्यात आधीच झालेला असतो. आणि ‘कंपनीला आपलं ऊन काय ठाऊक’ म्हणावं, तर बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून शेजारच्याच जिल्ह्यात, याच हवामानात उभा आहे. बजाज पल्सरच्या अनेक मॉडेलांना २०डब्ल्यू-५० सांगत आली, आणि याच रस्त्यांवरच्या स्प्लेंडरला हिरो १०डब्ल्यू-३० सांगते. ऊन एकच, आकडे वेगळे. म्हणजे ग्रेड ठरवतं इंजिनचं बांधकाम: सुट्या भागांमधली फट, पंपाची ताकद, ऑइलच्या वाटांची रुंदी. पातळ ऑइलसाठी बांधलेल्या इंजिनात जाड ऑइल घातलं की गार इंजिन सुरू करताना ते वर कॅमशाफ्टपर्यंत उशिरा पोचतं आणि पंपावर भार येतो. झिजलेल्या जुन्या इंजिनात थोडं जाड ऑइल घातल्याने धूर आणि खर्च काही काळ कमी होतो, हे मान्य. पण ती हाफ इंजिनचं काम पुढे ढकलण्याची तजवीज आहे, नव्या गाडीसाठीची शिफारस नव्हे.

घरात ट्रॅक्टरच्या ऑइलचा डबा असतो, तेच मोटरसायकललाही घालण्याची पद्धत गावोगावी आहे. कारच्या ऑइलचंही तसंच. इथे दाटपणापेक्षा क्लचचा मुद्दा मोठा. मोटरसायकलच्या क्लच प्लेटा इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात आणि त्यांना पकडीसाठी ठराविक घर्षण लागतं. कारच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात; ती आली की क्लच घसरतो, रेस वाढते पण गाडी ओढत नाही. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ ही खूण पाहावी. ‘एमबी’ खुणेचं ऑइल सुका क्लच असलेल्या स्कूटरसाठी असतं. दुसऱ्या कंपनीचं ऑइल मिसळलं तर ते फाटतं, ही भीती मात्र निराधार आहे: प्रमाणित ऑइल एकमेकांत मिसळतील अशीच बनवलेली असतात. ग्रेड आणि खूण जुळत असेल तर ब्रँड बदलला म्हणून भर थांबवू नये. आडरानात खालच्या खुणेखाली गेलेल्या गाडीत हाताशी असलेलं कोणतंही चांगलं इंजिन ऑइल घालून गाव गाठावं आणि मग बदलून घ्यावं. तसंच दामटण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

शेवटचा आक्षेप असा, की ‘सर्व्हिसिंगला बदलतोच, मध्ये पाहायचं कशाला?’ हिरोच्या अनेक मॉडेलांच्या पुस्तिकेतच याचं उत्तर आहे: ऑइल सहा हजार किलोमीटरला बदला, पण मध्ये तीन हजारांवर भर घाला. कंपनीच घट गृहीत धरते. आणि किलोमीटर मोजणार कसे? गावाकडच्या कितीतरी गाड्यांची मीटरची केबल तुटलेली असते. ज्यांचं मीटर चालू आहे त्यांच्या गाड्याही चारा, दुधाचे कॅन, खताच्या गोण्या लादून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये शेतवाटा तुडवतात. मीटर थोडं फिरतं, इंजिन मात्र तासन् तास राबतं. अशा गाडीला महिन्यांचा हिशेब लावावा आणि पुस्तिकेतल्या मुदतीच्या आधीच ऑइल बदलावं. भर घालणं म्हणजे बदलणं नव्हे: नव्या ऑइलने पातळी सावरते, जुन्यातला मळ तिथेच राहतो.

दर पंधरा दिवसांनी, आणि लांबच्या फेरीआधी, डिपस्टिक पाहा आणि किती भर घातली ते तारखेसह लिहून ठेवा. दोन ऑइल बदलांच्या मध्ये वारंवार भर घालावी लागत असेल तर आणखी बाटल्या घेऊ नका; रिंग, व्हॉल्व्ह सील आणि एअर फिल्टर तपासून घ्या.